झापलं, तासलं, समज दिली: इंग्रजीत कुणी कुणाला कसं रागवायचं

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मशिन शॉपमध्ये दोन-तीन वर्षं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशिन, चालवलेला खानापूरकडचा पोरगा पुण्याला मुलाखतीला जातो. समोरचा विचारतो, आधीची नोकरी का सोडली? पोरगा सरळ सांगून टाकतो, 'माय सुपरवायझर फायर्ड मी मेनी टाइम्स.' त्याला म्हणायचं असतं, सुपरवायझर उठसूट झापायचा. ऐकणारा समजतो, याला कितीदा तरी नोकरीवरून काढलंय. एकाच जागेवरून माणूस इतक्या वेळा कसा निघतो याचा विचार करत तो पुढच्या उमेदवाराला आत बोलावतो.

शाळा मराठी, सरकारी कचेरी कन्नड आणि पगाराचं पत्र इंग्रजी, अशा तिहेरी कारभारात बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, भालकीकडची आपली बरीच माणसं वावरतात. इंग्रजीत ऊस, पाऊस, तब्येत यांवर गाडी बरी चालते. कुणी कुणाला रागावलं हे सांगायची वेळ आली की 'स्कोल्ड' आणि 'फायर' या दोन शब्दांवर सगळा भार येतो. खरं तर या बाबतीत आपल्या भाषेत काही कमी नाही. दटावणं, दरडावणं, झापणं, तासणं, खडसावणं, फैलावर घेणं, धारेवर धरणं, खरडपट्टी काढणं, हजेरी घेणं, कानउघाडणी, कानपिचक्या, तंबी, ताकीद, समज, ठपका, ताशेरे, पाणउतारा, बिनपाण्यानं हजामत. यातला कुठला शब्द कुठं वापरायचा हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. तहसीलदारांनी तलाठ्याला समज दिली असं आपण म्हणतो. आजीनं नातवाला समज दिली म्हटलं तर हसू येतं. न्यायालय ताशेरे ओढतं, बायको ओढत नाही.

इंग्रजीतही नेमकं हेच चालतं. बाजारातल्या पुस्तकांत 'स्कोल्ड'खाली वीस प्रतिशब्दांची रांग लावलेली असते आणि जणू आवाज चढेल तसा शब्द बदलतो असं भासवलेलं असतं. मला ते पटत नाही. आवाजाचा भाग थोडा. कोण, कुणाला आणि कुठं रागावलं, यावर शब्द ठरतो. त्यामुळं यादी पाठ करत बसू नका, पुढच्या क्रमानं चला.

पहिलं काम: तीन सवयी मोडा

'फायर' सोडा. 'बॉसनं फायरिंग दिलं' हे भारतातल्या ऑफिसांत सर्रास चालतं आणि आपसांत चालू दे. पण परदेशी क्लायंट, मुलाखत, ईमेल या तीन ठिकाणी 'फायर्ड' म्हणजे नोकरी गेली, दुसरा अर्थ नाही.

दुसरी सवय 'शाउटेड ऑन मी'. 'माझ्यावर ओरडला' यातला 'वर' आपण जसाच्या तसा इंग्रजीत नेतो. शेजारच्या टेबलावरचा कन्नड सहकारी 'ननग बैद्रु' म्हणतो, म्हणजे 'मला', म्हणून तो 'स्कोल्डेड टू मी' म्हणून मोकळा होतो. दोघांचंही चुकतं. 'शाउट' आणि 'येल' यांना 'ॲट' लागतो: 'ही शाउटेड ॲट मी'. 'स्कोल्ड'ला मध्ये काहीच लागत नाही: 'ही स्कोल्डेड मी'. कारण सांगायचं तर सगळ्यांना 'फॉर' आणि पुढं 'इंग'चं रूप: 'फॉर कमिंग लेट', 'फॉर लीव्हिंग द मशिन ऑन'. 'बिकॉज आय केम लेट' हे चूक नाही, पण 'फॉर' नीट बसतो.

तिसरी सवय खुद्द 'स्कोल्ड'. व्याकरणात हा शब्द बरोबर आहे, पण इंग्रजी कानाला तो लहान मुलांसाठी, फार तर घरच्या कुत्र्यासाठी. पंचेचाळीस वर्षांचे हेडक्लार्क 'माय मॅनेजर स्कोल्डेड मी' म्हणाले की अर्ध्या चड्डीतला मुलगा डोळ्यांपुढं येतो. या शब्दाचा इतिहासही चांगला नाही. नाम म्हणून 'स्कोल्ड' म्हणजे कजाग बाई. इंग्लंडमध्ये 'कॉमन स्कोल्ड' असणं हा गुन्हा होता आणि शिक्षा म्हणून बाईला खुर्चीला बांधून पाण्यात बुचकळत. पुढं पुढं हा गुन्हा नुसता कागदावर उरला, पण तो कायद्यातून अधिकृतपणे गेला १९६७ साली. गल्लीत पुरुष कितीही बोंबलला तरी गुन्हा बाईच्याच माथी, हे वेगळं सांगायला नको.

दुसरं काम: तोंड उघडण्याआधी तीन प्रश्न

रागावणारा वरचा आहे, बरोबरीचा की घरचा? चारचौघांत झालं की दार लावून? आणि कागदावर आलं का? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. कागदावर आलं की शब्द बदललाच, आणि बहुतेक वेळा त्याला कायदेशीर वजनही आलं. तीन उत्तरं मनाशी ठरली की पुढची निवड सोपी.

घर आणि शाळा

इथं रोजच्या वापरासाठी एकच शब्द पक्का करा: 'टेल ऑफ'. माणूस मध्ये येतो: 'आई टोल्ड मी ऑफ फॉर वेस्टिंग फूड'. बोलणी खाल्ली म्हणायचं तर 'आय गॉट टोल्ड ऑफ'. मधला माणूस शेवटी नेऊ नका. 'टोल्ड ऑफ मी' म्हणजे भलतंच, माझ्याविषयी सांगितलं असं काहीतरी जुनाट. 'टेल ऑफ' घरात चालतो, शाळेत चालतो, ऑफिसच्या गप्पांतही चालतो, म्हणून सुरुवात त्यानं.

आवाज न चढवता, समोर बसवून चार गोष्टी ऐकवल्या तर 'गेव्ह हिम अ टॉकिंग-टू'. कान किटेपर्यंत ऐकवलं तर 'गेव्ह मी ॲन इअरफुल'. उपदेशाचा डोस असेल तर 'लेक्चर्ड मी', आणि हा शब्द मराठीतही आपण त्याच सुरात वापरतो. 'नॅग' मात्र रागावणं नाही. तीच तीच भुणभुण, पाण्याची मोटर बंद कर, मोटर बंद कर, ते 'नॅग'. काही कारण नसताना कुणी अंगावर खेकसलं तर 'ही बिट माय हेड ऑफ'. यात दोष खेकसणाऱ्याचा असतो, ऐकणाऱ्याचा नाही, त्यामुळं तक्रार सांगताना हा उपयोगी.

'अ पीस ऑफ माय माइंड' हा बहुधा बोलणाराच स्वतःबद्दल वापरतो: 'आय गेव्ह हिम अ पीस ऑफ माय माइंड', चांगलं सुनावलं त्याला. खडेबाजारात साडीचा रंग पहिल्या धुण्यात गेला, तुम्ही दुकानात जाऊन ऐकवून आलात, तिथं हा चपखल. साहेबाबद्दल वापरायचा असेल तर आधी राजीनामा खिशात ठेवा.

'चाइड', 'रिप्रूव्ह', 'अपब्रेड' हे पुस्तकांतले. परीक्षेत आले तर ओळखा, बोलण्यात आणू नका. 'चाइड' आणि 'रिप्रूव्ह' सौम्य, 'अपब्रेड' जरा कडक, एवढं पुरे.

शाळेसाठी एक वेगळी सूचना. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. त्यामुळं इंग्रजी माध्यमाच्या शाळेला पालक म्हणून पत्र लिहिताना 'स्कोल्डेड' आणि 'ह्युमिलिएटेड' यांत गल्लत करू नका. गृहपाठ न केल्याबद्दल बाई रागावल्या हे 'टोल्ड ऑफ'. सगळ्या वर्गासमोर उभं करून बापाच्या धंद्यावरून बोलल्या, हे 'ह्युमिलिएटेड इन फ्रंट ऑफ द होल क्लास'. मराठीत पहिलं रागावणं, दुसरं पाणउतारा. पत्रात 'स्कोल्डेड' लिहिलंत तर मुख्याध्यापक म्हणतील, मग त्यात काय झालं, बाई रागावणारच. आणि साध्या रागावण्याला 'ह्युमिलिएटेड' लावलंत तर पुढच्या खऱ्या तक्रारीला किंमत राहणार नाही.

कारखाना आणि ऑफिस: इथं जपून

सगळ्यांत फसवं वाक्य इथलं आहे आणि ते अगदी गोड आहे: 'कॅन आय हॅव अ वर्ड?' दोन शब्द बोलायचेत म्हणून चहा सांगू नका. बहुतेक वेळा दार लावून बोलणी बसणार असतात. त्याच जातीचं दुसरं, 'आय ॲम अ बिट डिसअपॉइंटेड'. ब्रिटिश माणसाच्या तोंडी 'अ बिट' आला की प्रकरण हलकं समजू नये. आपला फोरमन आईमाई काढेल त्याहून गोरा साहेब 'डिसअपॉइंटेड' म्हणतो ते जड असतं, कारण ते तो लक्षात ठेवतो.

सविस्तर खरडपट्टी म्हणजे 'ड्रेसिंग-डाउन': 'ही गॉट अ ड्रेसिंग-डाउन फ्रॉम द प्लँट हेड'. नाम म्हणूनच वापरा. क्रियापद केलंत तर साधे कपडे घालण्याशी घोटाळा होतो, कारण 'ड्रेस-डाउन फ्रायडे' म्हणजे शुक्रवारी टीशर्ट घालून या. जाब विचारला, धारेवर धरलं तर 'टुक हिम टू टास्क'. 'पुल्ड अप' जवळजवळ त्याच अर्थाचा आणि आपल्या इकडच्या इंग्रजी पेपरांचा लाडका. फैलावर घेतलं, चांगलं सोललं, तर 'हॉल्ड ओव्हर द कोल्स'. अमेरिकन माणूस तिथं 'रेक्ड' म्हणतो.

ब्रिटिश-अमेरिकन फरकाचं हे तेवढ्यावर थांबत नाही. रात्रपाळीत अमेरिकन क्लायंटशी बोलणाऱ्यांनी 'टिक ऑफ' जपून वापरावा. लंडनमध्ये 'आय टिक्ड हिम ऑफ' म्हणजे मी त्याला झापलं. शिकागोत 'आय ॲम टिक्ड ऑफ' म्हणजे माझं डोकं फिरलंय. तुम्ही सांगताय मला बोलणी बसली, तो समजतोय तुम्ही त्याच्यावर चिडलाय. अमेरिकन माणसासाठी 'च्यूड मी आउट' घ्या, म्हणजे मला चावून टाकलं. तिकडं हे सैन्यातून आलेलं आणि सगळीकडं समजणारं.

'टोर अ स्ट्रिप ऑफ मी' हा मात्र अस्सल ब्रिटिश, दुसऱ्या महायुद्धातल्या त्यांच्या हवाई दलाच्या बोलीतला. आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळाची धावपट्टीही त्याच काळातली, १९४२ ची, तेव्हा तिथं कुठल्या तरी पायलटनं हे वाक्य ऐकून घेतलंच असेल. आता इंग्रजांचीही नवी पिढी ते फारसं वापरत नाही, पण जुन्या इंग्रज साहेबाकडून ऐकाल.

'रीड द रायट ॲक्ट' समजून घ्यायला बेळगावच्या माणसाला वेळ लागू नये. ब्रिटनमध्ये १७१५ पासून कायदा होता: बारा किंवा जास्त माणसं दंगा करत जमली की अधिकाऱ्यानं जाहीरनामा मोठ्यानं वाचायचा, आणि तासाभरात न पांगलेल्यांवर कडक कारवाई. वाचल्याशिवाय कारवाई नाही, म्हणून 'वाचणं' महत्त्वाचं. आपल्याकडं एक नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि आपला काळा दिन, आला की जमावबंदीचा आदेश निघणार की नाही याची चर्चा चावडीवर सुरू होते. पूर्वीचं कलम १४४, जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६३. तेव्हा 'द मॅनेजर रेड अस द रायट ॲक्ट' म्हणजे काय झालं असेल? सगळ्यांना एकत्र उभं केलं, यापुढं असं झालं तर बघा, म्हणून निर्वाणीचा इशारा दिला.  आणि यात पुढच्या परिणामाची धमकी लागतेच, नुसता राग पुरत नाही.

'रॅप ऑन द नकल्स' आणि 'स्लॅप ऑन द रिस्ट' यांत लोक नेहमी घोळ घालतात. पहिलं म्हणजे बोटांच्या पेरांवर पट्टी, कान टोचले, इशारा दिला. दुसऱ्यात एक कुत्सित सूर असतो: एवढं मोठं केलं आणि शिक्षा काय, तर हातावर चापटी. कंत्राटदारानं रस्ता खाल्ला आणि त्याला फक्त पाच हजार दंड झाला, तिथं दुसरं.

फुटबॉल बघणाऱ्यांसाठी एक जादा. तोंडाजवळ तोंड नेऊन गरम हवा सोडल्यासारखं ओरडणं म्हणजे 'हेअरड्रायर ट्रीटमेंट'. मँचेस्टर युनायटेडचे माजी व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन यांच्यामुळं हा शब्द सगळीकडं गेला. ऑफिसात गमतीनं चालतो.

कागदावर आलं की खेळ वेगळा

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यानं इथल्या कितीतरी घरांत एखादे निवृत्त सुभेदार किंवा हवालदार सापडतील. त्यांना विचारा, 'रेप्रिमांड' म्हणजे काय. ते झापणं म्हणणार नाहीत, शिक्षा म्हणतील. लष्कर कायदा १९५० च्या कलम ७१ मध्ये अधिकारी, जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) आणि एनसीओ (हवालदार, नाईक) यांना द्यायच्या शिक्षांत 'सिव्हिअर रेप्रिमांड' आणि 'रेप्रिमांड' या नावानिशी नोंदवल्या आहेत. साध्या शिपायासाठी ही शिक्षा त्या यादीत नाही. म्हणजे हा शब्द हुद्द्याशी बांधलेला आहे. क्रिकेटमध्येही तसंच: आयसीसीच्या आचारसंहितेत लेव्हल वनच्या गुन्ह्याला कमीत कमी शिक्षा 'ऑफिशियल रेप्रिमांड', जास्तीत जास्त सामन्याच्या मानधनाचा निम्मा भाग, शिवाय एक-दोन डिमेरिट पॉइंट. पंचाच्या निर्णयावर बॅट आपटणाऱ्याला मिळतं ते हे. तेव्हा 'माय मदर रेप्रिमांडेड मी' हे वाक्य विसरा. आईकडं तसं रजिस्टर नसतं.

सरकारी नोकरीत पहिला जड शब्द 'सेन्शर'. केंद्र सरकारच्या १९६५ च्या शिस्त नियमांत किरकोळ शिक्षांच्या यादीची सुरुवातच त्यानं होते. कर्नाटकच्या कर्मचाऱ्यांना १९५७ चे राज्याचे नियम लागू, त्यांतही तो आहे आणि कन्नड आदेशात तो 'वाग्दंडने' म्हणून येतो. महाराष्ट्रात त्यालाच 'ठपका ठेवणे' म्हणतात. निपाणीतल्या माणसाचा एक भाऊ कागलला आणि दुसरा चिकोडीला नोकरीला असेल तर घरात दोन्ही शब्द ऐकू येतील, शिक्षा एकच. केंद्राच्या नियमांप्रमाणं नुसती 'वॉर्निंग' ही शिक्षांच्या यादीत बसत नाही, 'सेन्शर' बसतो आणि सेवापुस्तकात जातो. म्हणून बढतीच्या अर्जात, 'एनी पेनल्टी इम्पोज्ड?' या रकान्यापुढं लिहिताना हा फरक डोळ्यांत तेल घालून बघा.

न्यायालयाचे दोन शब्द. 'ॲडमॉनिश' म्हणजे ताकीद देणं. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट १९५८ च्या कलम ३ प्रमाणं किरकोळ गुन्ह्यात, आधी शिक्षा झालेली नसेल तर, न्यायाधीश आरोपीला शिक्षेऐवजी 'ॲडमॉनिशन' देऊन सोडू शकतात. ताकीद मिळाली म्हणजे निर्दोष सुटला असं नाही, दोषी ठरूनच ती मिळते. दुसरा शब्द 'स्ट्रिक्चर्स', म्हणजे निकालात लिहून ओढलेले ताशेरे. सुनावणीत न्यायमूर्ती तोंडी काही बोलले तर तो 'ओरल रिमार्क'. दुसऱ्या दिवशी मराठी पेपरात 'न्यायालयानं झापलं', कन्नड पेपरात 'छीमारि', इंग्रजीत 'एचसी रॅप्स गव्हर्न्मेंट', आणि आदेशाच्या प्रतीत त्यातलं एक अक्षर नसतं असं होऊ शकतं. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याच्या बातम्या वाचतानाही ही चाळणी लावायची सवय ठेवा.

खासगी कंपनीत ओळ साधारण अशी असते: तोंडी 'वर्बल वॉर्निंग', मग मेमो किंवा 'रिटन वॉर्निंग', मग 'शो-कॉज नोटिस', त्यानंतर 'चार्जशीट' आणि 'डोमेस्टिक एन्क्वायरी'. कन्नड कागदात शो-कॉजला 'कारण केळि नोटिस' म्हणतात आणि ते नाव अधिक खरं आहे, कारण ती बोलणी नव्हे, तो प्रश्न आहे. कारण विचारलंय, कारण सांगा. आपली माणसं घाबरून 'आय ॲम एक्स्ट्रीमली सॉरी, धिस विल नॉट हॅपन अगेन' एवढंच लिहून देतात आणि चौकशीत तेच पान कबुली म्हणून पुढं येतं. नोटीस हातात घेताना 'रिसीव्ह्ड' आणि तारीख घालून सही करायला हरकत नाही, पोच म्हणजे कबुली नव्हे. उत्तर तीन भागांत लिहा. काय घडलं: 'ऑन द डेट मेन्शन्ड, आय रीच्ड द गेट ॲट नाइन ट्वेंटी.' का घडलं: 'द बस फ्रॉम खानापूर वॉज कॅन्सल्ड, अ कॉपी ऑफ माय मेसेज टू द शिफ्ट इन्चार्ज इज एन्क्लोज्ड.' आणि मागणी: 'आय रिक्वेस्ट यू टू टेक धिस इन्टू अकाउंट अँड ड्रॉप फर्दर ॲक्शन.' विशेषणं नकोत, सुपरवायझरच्या स्वभावाचं वर्णन तर नकोच. प्रकरण नोकरीवर येण्यासारखं असेल तर उत्तर देण्याआधी युनियनच्या किंवा वकिलाच्या नजरेखालून घाला.

पेपरातले शब्द पेपरातच ठेवा

'स्लॅम्स', 'फ्लेज', 'लॅम्बास्ट्स', 'लॅशेस आउट ॲट', 'कॅस्टिगेट्स'. हे मथळ्याचे शब्द, जागा कमी म्हणून लहान आणि तिखट. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधला कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की पंधरवडाभर हेच. 'अपोझिशन स्लॅम्स' म्हणजे विरोधकांनी टीकेची झोड उठवली, 'लॅशेस आउट' म्हणजे आगपाखड केली. घरी 'वाइफ स्लॅम्ड मी' म्हणालात तर ऐकणारा तुम्ही कुठं आपटलात ते विचारेल. 'रिब्यूक' मात्र मथळ्याबाहेरही चालतो: वरच्यानं चारचौघांत थोडक्यात, कडक शब्दांत सुनावलं तर. लांबलचक, मोठ्या आवाजात असेल तर 'बिरेट'.

आता प्रत्यक्ष रागावायचं असेल तर

इथवर रागावण्याची गोष्ट सांगायची कशी ते झालं. स्वतः रागावायचं तर 'आय विल स्कोल्ड यू' असं म्हणत नाहीत. आपण 'आता तुला झापतो बघ' म्हणतो, इंग्रज सरळ सुरू करतो. मुलांना: 'दॅट्स इनफ', 'स्टॉप दॅट धिस इन्स्टंट', 'बिहेव युअरसेल्फ'. बरोबरीच्याला: 'नॉक इट ऑफ', 'कट इट आउट', बस झालं आता. उद्धट बोलणाऱ्याला: 'वॉच युअर टोन'. हाताखालच्याला: 'धिस इज नॉट ॲक्सेप्टेबल', 'आय एक्स्पेक्टेड बेटर फ्रॉम यू'. जरा जोर लावा म्हणायचं तर 'पुल युअर सॉक्स अप', पण वयानं मोठ्या माणसाला नको. आपल्याकडं पन्नाशीच्या मिस्त्रीला अहोजाहो करूनच चूक दाखवतात. इंग्रजीत 'अहो' नाही, म्हणून तो मान वाक्याच्या बांधणीतून आणावा लागतो: 'मामा, द होल इज हाफ अ मिलिमीटर ऑफ, कुड वी चेक द फिक्स्चर टुगेदर?' यातल्या 'वी'नं अर्धं काम होतं. 'मामा' हा शब्द गाळू नका, दुकानात सगळे त्यांना मामाच म्हणत असतील तर इंग्रजीत बोलतानाही मामाच.

'यू'नं सुरू होणारं वाक्य बोट दाखवतं. 'यू डिड नॉट सेंड द रिपोर्ट' आणि 'द रिपोर्ट हॅजन्ट रीच्ड मी' यांत मजकूर एकच, पहिल्यानं भांडण, दुसऱ्यानं रिपोर्ट येतो. खरंच झापायचं असेल तेव्हा मात्र 'यू' बिनधास्त वापरा.

बोलणी बसत असताना मध्ये तोंड घालू नका. संपल्यावर 'पॉइंट टेकन' किंवा 'यू आर राइट, आय शुड हॅव चेक्ड'. चूक तुमची नसेल तर 'आय सी व्हाय यू आर अपसेट, बट मे आय एक्सप्लेन?' आपल्याकडची एक सवय इथं आड येते. वरचा बोलत असताना खाली बघणं हा आपला अदबीचा भाग, परदेशी साहेबाला ते लपवाछपवी वाटू शकतं. नजर समोर ठेवा. आणि दर वाक्याला 'यस सर, यस सर' म्हणत मान हलवली तर तो समजतो, सगळे आरोप मान्य.

सराव

वेगळं पुस्तक घेऊ नका, घरी येणारा मराठी पेपर पुरे. तालुक्याच्या केडीपी (कर्नाटक विकास कार्यक्रम) आढावा बैठकीची बातमी शोधा, त्यात अधिकाऱ्यांची खरडपट्टी हमखास असते. समजा मथळा आहे, 'पाणीपुरवठ्यावरून आमदारांनी अधिकाऱ्यांना धरले धारेवर'. तीन प्रश्न लावा. वरचा माणूस, चारचौघांत, कागदावर नाही. मग 'द एमएलए टुक द ऑफिसर्स टू टास्क ओव्हर वॉटर सप्लाय'. खाली ओळ असेल, 'आठ दिवसांत काम न झाल्यास निलंबन', तर परिणामाची धमकी आली आणि समोर सगळे एकत्र बसलेत, म्हणजे 'रेड देम द रायट ॲक्ट'. पुढच्या आठवड्यात त्यातल्या एकाला नोटीस निघाली तर 'वॉज इश्यूड अ शो-कॉज नोटिस', आणि इथं 'इश्यूड' हेच क्रियापद, 'गिव्हन' नको. मग तीच बैठक घरी आल्यावर त्या अधिकाऱ्यानं बायकोला कशी सांगितली असेल ते लिहा. तो 'टेकन टू टास्क' म्हणणार नाही. 'गॉट अ रिअल इअरफुल टुडे' म्हणेल, किंवा काहीच न बोलता चहा मागेल.